रशियाची राजेशाही कशी कोसळली: हा प्रश्न मुळापासून मांडायची रीत

रशियातल्या फेब्रुवारी क्रांतीवर लिहायला बसलं की पहिली अडचण मापाची येते. घटना जेमतेम आठ दिवसांची, आणि कारणं मात्र साठ वर्षं मागे जाणारी. २३ फेब्रुवारी १९१७ ला पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका कामावरून बाहेर पडल्या आणि २ मार्चच्या रात्री झार दुसऱ्या निकोलसने राजत्यागावर सही केली. १६१३ पासून राज्य करणारं रोमानोव्ह घराणं एवढ्यात संपलं. मग लिहिणारा भूदासांच्या, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांच्या, मुक्तीपासून महाराणीच्या मर्जीतल्या रास्पुतिन या साधूपर्यंत सापडेल ते कारण यादीत भरतो. यादी लांबत जाते, उत्तर मात्र हाती लागत नाही.

याचं कारण साधं आहे. त्या यादीतली बहुतेक कारणं १९०५ सालीही हजर होती. तेव्हा देशभरातला उठाव जास्त पसरलेला होता, शेतकरीही पेटले होते, जपानशी झालेल्या युद्धात नाचक्की झाली होती, आणि तरीही सिंहासन वाचलं. म्हणून ‘लोक का चिडले?’ हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा: १९०५ साली झारच्या बाजूने उभं राहिलेलं कोण १९१७ साली उभं राहिलं नाही, आणि का? निबंध असो, व्याख्यान असो की वर्गातला पाठ, हा दुसरा प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहूनच पुढची पायरी घ्या.

आधी तारखा सरळ करा

रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ दिवस मिळवले की आपली तारीख येते, विसाव्या शतकात १३ दिवस मिळवावे लागतात. झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या १ मार्च १८८१, म्हणजे नव्या गणनेने १३ मार्च. रक्तरंजित रविवार, म्हणजे राजधानीत कामगारांच्या मोर्च्यावरचा गोळीबार, ९ जानेवारी १९०५, म्हणजे २२ जानेवारी. २३ फेब्रुवारी १९१७ म्हणजे ८ मार्च, आंतरराष्ट्रीय महिला दिन. त्या दिवशी बायका रस्त्यावर का होत्या हे तारीख बदलली की लगेच उलगडतं.

चूक बहुधा युद्धाच्या प्रकरणात होते. लढायांच्या आणि तहांच्या तारखा पुस्तकांत नव्या पद्धतीने दिलेल्या असतात, राजधानीतल्या घटना जुन्या पद्धतीने. दोन्ही एका तक्त्यात मिसळल्या की कारण परिणामाच्या नंतर येऊन बसतं. एकच पद्धत ठरवा आणि तसं वरती लिहून टाका. इथे जुनी वापरली आहे, कारण ‘फेब्रुवारी क्रांती’ हे नावच तिच्यावरून पडलं. शहराच्या नावाचंही तेच: ऑगस्ट १९१४ पर्यंत सेंट पीटर्सबर्ग, त्यानंतर पेट्रोग्राड.

मग आधारांची वही आखा

एका आडव्या कागदावर सहा रकाने पाडा: शेतकरी, कामगार, शिकलेला मध्यमवर्ग, जमीनदार सरदार, सैनिक, लष्करी अधिकारी. झेम्स्त्वो म्हणजे १८६४ साली निघालेल्या स्थानिक संस्था. त्यांतली माणसं तिसऱ्या-चौथ्या रकान्यांत येतात. पोलिश, फिन, ज्यू, मध्य आशियाई अशा बिगर-रशियन प्रजेसाठी कडेला सातवा रकाना ठेवा. प्रत्येक मोठ्या घटनेपुढे एवढंच लिहायचं: या घटनेने कोण झारपासून लांब गेलं, कोण परत जवळ आलं, कोण जागचं हललं नाही.

सैनिक आणि अधिकारी एकाच रकान्यात घालू नका. शेवटच्या आठवड्यात राजधानीतले शिपाई २७ फेब्रुवारीला फिरले आणि सेनापती २ मार्चला. मधल्या तीन दिवसांतच सगळा निकाल लागला. एकच रकाना ठेवला तर हे तीन दिवस दिसतच नाहीत.

जमिनीचा हिशेब स्वतः करून पाहा

१९ फेब्रुवारी १८६१ च्या जाहीरनाम्याने खासगी मालकीचे सुमारे २ कोटी ३० लाख भूदास मोकळे झाले. इतकं लिहून बरेच जण पुढे जातात. इथे मात्र थांबायला हवं, कारण पुढच्या चाळीस वर्षांची खदखद या सुटकेच्या किमतीत आहे. ती आकड्यांतच दाखवावी लागते.

समजा एक शेतकरी जमीनदाराला वर्षाला १० रूबल खंड देत होता. हा खंड ६ टक्के व्याज मानून मुद्दल काढलं: १० भागिले ०.०६, म्हणजे १६६ रूबल ६७ कोपेक. ही जमिनीची ‘किंमत’ ठरली. पूर्ण वाटा घेणाऱ्यासाठी सरकारने यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रूबल ३३ कोपेक, जमीनदाराला सरकारी रोख्यांत दिले; उरलेले ३३ रूबल ३४ कोपेक शेतकऱ्याने थेट भरायचे. सरकारने दिलेल्या रकमेवर शेतकऱ्याने दरवर्षी ६ टक्के, म्हणजे ८ रूबल, ४९ वर्षं भरायचे. ८ गुणिले ४९ म्हणजे ३९२ रूबल. १३३ च्या कर्जाला ३९२ ची फेड.

यातली मेख पहिल्याच ओळीत आहे. किंमत जमिनीच्या बाजारभावावर बसवली नव्हती, खंडावर बसवली होती. ज्या भागात शेतकरी शहरात मजुरी करून खंड भरायचा तिथे नापीक जमिनीलाही भारी किंमत लागली. म्हणजे जमिनीच्या नावाखाली माणसाच्या श्रमांचीच भरपाई जमीनदाराला मिळाली. त्यात सुपीक काळ्या मातीच्या प्रांतांत पूर्वी कसत असलेल्या जमिनीतला लचका जमीनदाराने तोडून घेतला. कुरणं, पाणवठे, झाडी बहुधा त्यातच गेली, आणि तीच पुन्हा खंडाने घ्यावी लागली.

हप्त्यांची जबाबदारी एकट्यादुकट्यावर नव्हती, ती मीरवर, म्हणजे गावसमूहावर सामाईक होती. शेजारी पळाला तर त्याचा हप्ता उरलेल्यांच्या माथी. मीर त्यामुळे माणसाला सहजी गाव सोडू देत नसे आणि जमिनीचं वेळोवेळी फेरवाटप करी. लोकसंख्या मात्र वाढतच होती. दर पुरुषामागे सरासरी वाटा १८६० च्या सुमारास ४.८ देस्यातिन होता, १९०० मध्ये २.६ राहिला. (एक देस्यातिन म्हणजे साधारण पावणेतीन एकर.) सामाईक जबाबदारी १९०३ मध्ये गेली, हप्ते १९०७ पासून माफ झाले, म्हणजे क्रांतीचा पहिला तडाखा बसल्यावर.

वहीत नोंद करताना एक काळजी घ्या. या काळात शेतकरी सरकारी अंमलदारावर आणि जमीनदारावर चिडलेला होता, झारवर नव्हे. ‘झारने खरी मुक्ती दिली होती, ती सरदारांनी दडवली’ अशी समजूत खेड्यापाड्यांत होती. १८७४ च्या उन्हाळ्यात क्रांतीचा प्रचार करायला खेड्यांत गेलेल्या विद्यार्थ्यांना त्यामुळेच थंडा प्रतिसाद मिळाला, कुठे कुठे तर गावकऱ्यांनीच त्यांना पोलिसांच्या हवाली केलं. पहिल्या रकान्यात १८६१ पुढे ‘असंतोष’ जरूर लिहा, ‘राजद्रोह’ लिहू नका.

१८८१ ते १९०४ भरभर घ्या

हा टप्पा तीन-चार नोंदींत आटपतो. दुसऱ्या अलेक्झांडरने मारला गेला त्याच सकाळी मर्यादित सल्लागार मंडळाच्या योजनेला संमती दिली होती. तिसऱ्या अलेक्झांडरने ती बासनात गुंडाळली. ऑगस्ट १८८१ मध्ये सुरक्षेचे ‘तात्पुरते’ नियम तीन वर्षांसाठी आले आणि मुदतवाढ मिळत मिळत १९१७ पर्यंत चालले. खटल्याशिवाय हद्दपारी, सभाबंदी, वृत्तपत्रबंदी या सगळ्याला त्यांचाच आधार. १८९१-९२ च्या दुष्काळात आणि त्यातल्या साथींत सुमारे ४ लाख माणसं दगावली. मदतीला झेम्स्त्वोचे डॉक्टर, शिक्षक, जमीनदार धावले. सरकारशिवाय आपण कामं करू शकतो हा विश्वास त्यांना तिथे आला. जानेवारी १८९५ मध्ये झेम्स्त्वोच्या प्रतिनिधींनी कारभारात थोडा वाटा मागितला, तेव्हा नव्या झारने, दुसऱ्या निकोलसने, त्यांना ‘खुळी स्वप्नं’ सोडून द्यायला सांगितलं. तिसऱ्या रकान्यातली गळती इथून मोजा.

कामगारांचा रकाना अर्थमंत्री विट्टेच्या काळात (१८९२ ते १९०३) जाड होतो. रेल्वे, परदेशी भांडवल, १८९७ चं सुवर्णमान, आणि त्याच साली दिवसाला साडेअकरा तासांची कायदेशीर मर्यादा. रशियन कामगार संख्येने थोडा होता, पण मोठमोठ्या कारखान्यांत आणि त्यातही राजधानीत दाटलेला होता. संघटना करायला बंदी, संप हा गुन्हा. म्हणून मजुरीची मागणीसुद्धा थेट पोलिसांशी आणि तिथून राजसत्तेशी भिडायची. ‘आर्थिक’ आणि ‘राजकीय’ संप वेगळे करून लिहायचा मोह होतो, पण रशियात ही भिंत सरकारनेच पाडली होती.

१९०५ वर जास्तीत जास्त वेळ द्या

संपूर्ण मांडणीचा कणा हे वर्ष आहे. पुतिलोव्ह कारखान्यातल्या चार कामगारांच्या बडतर्फीवरून जानेवारीत संप पेटला. ९ तारखेला पाद्री गापोनच्या मागे कामगार बायकापोरांसह, देवाच्या तसबिरी आणि झारची चित्रं घेऊन हिवाळी राजवाड्याकडे निघाले. अर्जात आठ तासांचा दिवस होता, संविधानसभा होती, युद्ध थांबवण्याची विनंती होती. झार शहरात नव्हताच, तो त्सारस्कोये सेलोला होता. सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३० मृतांचा. खरा त्याहून मोठा असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. हातात झारचं चित्र घेतलेला माणूस झारच्या शिपायाच्या गोळीने पडला. ‘झार चांगला, अंमलदार वाईट’ या समजुतीला शहरात तडा गेला तो इथे. दुसऱ्या रकान्यात ही तारीख ठळक करा.

पुढे मे महिन्यात त्सुशिमाला आरमार बुडालं, जूनमध्ये पोतेमकिन युद्धनौकेवर बंड झालं, ऑक्टोबरमध्ये देशव्यापी संपाने रेल्वे बंद पडली. १७ ऑक्टोबरला झारने नागरी हक्क आणि कायदे करणारी दुमा, म्हणजे निवडून आलेली संसद, यांचं आश्वासन देणारा जाहीरनामा काढला. आता वही उलट दिशेने भरायला लागा: सरकारने कोणाला कसं परत मिळवलं?

मध्यमवर्ग जाहीरनाम्याने फुटला. नेमस्त ऑक्टोब्रिस्ट समाधानी झाले, उदारमतवादी कॅडेट पक्षाला अजून हवं होतं. शेतकऱ्यांना नोव्हेंबरमध्ये हप्तेमाफीचं वचन मिळालं, आणि ज्यांनी दंगे केले त्यांच्याकडे फौजा गेल्या. ऑगस्टमध्येच जपानशी पोर्टस्मथचा तह झाल्याने सैन्य मोकळं होऊ लागलं होतं. एप्रिल १९०६ मध्ये फ्रान्समधून २२५ कोटी फ्रँकचं मोठं कर्ज आलं आणि दुमा बसायच्या आतच सरकार पैशाच्या बाबतीत तिच्यावर अवलंबून राहिलं नाही. एकटा पडला तो कामगार.

इथे एक बारकावा डोळ्यांजवळ धरून पाहण्यासारखा आहे. डिसेंबरात मॉस्कोत सशस्त्र उठाव झाला तेव्हा जवळपास सगळी रेल्वे संपात होती, पण पीटर्सबर्ग ते मॉस्को जाणारा निकोलाय लोहमार्ग सरकारच्या हातात राहिला. त्याच रुळांवरून सेम्योनोव्स्की गार्ड रेजिमेंट मॉस्कोला पोचली आणि तिने उठाव मोडला. १ मार्च १९१७ च्या पहाटे याच मार्गावर, मालाया विशेरा स्टेशनात, झारची खास गाडी थांबली, कारण पुढची स्टेशनं बंडखोरांकडे गेल्याची खबर आली होती. तोच लोहमार्ग, फक्त त्यावरून कोणाची गाडी चालते ते बदललं. १९०५ आणि १९१७ ची तुलना एका परिच्छेदात करायची असेल तर या रुळांपासून सुरुवात करा.

संपाचे आकडे वाचताना

कारखाना निरीक्षकांच्या नोंदींनुसार संपात उतरलेल्यांची संख्या अशी:

१९०५: २८ लाख ६३ हजार
१९०७: ७ लाख ४० हजार
१९१०: ४६ हजार ६००
१९१२: ७ लाख २५ हजार
१९१४: १३ लाख ३७ हजार

निरीक्षकांच्या कक्षेत तेव्हा साधारण १७ लाखच कामगार होते. मग १९०५ मध्ये २८ लाख कुठून आले? एकच माणूस वर्षात तीनदा संपावर गेला तर तो तीनदा मोजला जातो. ‘२८ लाख कामगार संपावर गेले’ असं लिहिणं म्हणूनच चूक. ‘२८ लाख सहभाग नोंदले गेले’ असं लिहा. शिवाय रेल्वे आणि सरकारी कारखाने या नोंदींत नाहीत.

दुसरी गोष्ट, आकडे सरळ चढत गेलेले नाहीत. १९१० पर्यंत ते तळाला गेले. पंतप्रधान स्तोलिपिनने लष्करी न्यायालयं लावून हजारावर माणसं फासावर चढवली, ३ जून १९०७ ला दुमाचा मतदार कायदा जमीनदारांच्या बाजूने फिरवला आणि शेतकऱ्याला मीरमधून बाहेर पडून स्वतःची जमीन एकत्र करायची वाट दिली. बहुसंख्य शेतकरी तरी मीरमध्येच राहिले. सप्टेंबर १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात स्तोलिपिनवर गोळी झाडली गेली. ४ एप्रिल १९१२ ला सैबेरियातल्या लेना सोन्याच्या खाणींत निःशस्त्र संपकऱ्यांवर गोळीबार झाला, आणि गृहमंत्री माकारोव्हने दुमात ‘असंच झालं आहे, असंच होत राहील’ असं सांगितलं. संपाचा आलेख त्या वर्षी एकदम वर उसळतो. ‘असंतोष सतत वाढत गेला’ हे वाक्य कुठे लिहिलं असेल तर खोडा. तो ओसरला, आणि ओसरला असतानाच्या पाच वर्षांत सरकारने आधार परत बांधले नाहीत. आमच्या मते सर्वांत मोठी चूक ही होती.

जुलै १९१४ मध्ये पीटर्सबर्गच्या व्हिबोर्ग भागात रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. पहिलं महायुद्ध झालं नसतं तर क्रांती तेव्हाच झाली असती असं काही अभ्यासक मानतात. वही समोर ठेवा: मॉस्को साथीला आलं नाही, सैन्य आज्ञेत होतं. दुसरा रकाना रिकामा झालेला, पाचवा-सहावा भरलेला.

युद्ध: सैन्याचा रकाना कसा रिकामा झाला

१९१७ पर्यंत सुमारे दीड कोटी पुरुष भरती झाले. जुन्या गार्ड पलटणी आघाडीवर कापल्या गेल्या. पेट्रोग्राडच्या बराकींत त्याच नावाच्या राखीव तुकड्या उरल्या, पण आत माणसं निराळी: नुकते भरती झालेले शेतकरी आणि कामगार, जखमेतून उठून पुन्हा आघाडीवर जायला धास्तावलेले शिपाई. पावलोव्स्की, व्होलिन्स्की ही नावं वाचून ‘झारचे निष्ठावंत गार्ड फिरले’ असं लिहिलं जातं. नाव तेच होतं, निष्ठा जपणारी माणसं मात्र आघाडीवर पुरली गेली होती.

२३ ऑगस्ट १९१५ ला निकोलसने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं. असं करू नका म्हणून आठ मंत्र्यांनी त्याला लेखी विनवलं होतं. यापुढच्या प्रत्येक पराभवाचं खापर थेट त्याच्यावर फुटणार होतं आणि राजधानी महाराणी अलेक्झांड्राच्या हाती राहणार होती. दुमातल्या बहुसंख्य सदस्यांच्या आघाडीने लोकांचा विश्वास असलेलं मंत्रिमंडळ मागितलं. झारने दुमाच स्थगित केली. गोरेमिकिन, श्ट्युर्मर, त्रेपोव्ह, गोलित्सिन असे चार पंतप्रधान वर्षाच्या आत झाले. रास्पुतिनवर एवढीच जागा खर्च करा: त्याने राज्य बुडवलं नाही, पण तो राज्य चालवतो असा बोभाटा सरदारांपर्यंत आणि छावण्यांपर्यंत पोचला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याला मारणारे राजघराण्याच्या आतले आणि कट्टर राजनिष्ठ होते. चौथा रकाना तिथे संपतो.

पैसा आणि पाव यांचं गणित थोडक्यात असं. युद्धाच्या सुरुवातीला व्होडका बंद केली, तर सरकारी महसुलाचा चौथा हिस्सा गेला. तूट नोटा छापून भरली, भाव चढले. रशियात धान्याचा दुष्काळ नव्हता. शेतकऱ्याला त्या पैशात विकत घेण्याजोगं काही मिळेना म्हणून तो धान्य बाजारात आणेना, आणि जे आणलं ते रेल्वेच्या डब्यांअभावी उत्तरेला पोचेना. ‘उपासमारीमुळे क्रांती’ असं लिहू नका. पावाच्या रांगा आणि शिधापत्रिकेची अफवा, असं लिहा.

शेवटचे आठ दिवस तासावर आणा

२२ फेब्रुवारीला झार मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयाकडे निघाला आणि त्याच दिवशी पुतिलोव्हमध्ये टाळेबंदी झाली. २३ ला गिरण्यांतल्या बायकांनी शेजारच्या धातुकारखान्यांतल्या पुरुषांना बाहेर ओढलं. २५ पर्यंत राजधानी ठप्प झाली. त्या संध्याकाळी झारची तार आली: दंगे उद्याच्या उद्या थांबवा. इथवर चाबूक आणि घोडे होते, आता गोळीचा हुकूम झाला. २६ ला, रविवारी, व्होलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने झ्नामेन्स्काया चौकात गोळ्या झाडल्या. रात्रभर बराकीत त्याच शिपायांत चर्चा झाली आणि २७ च्या सकाळी त्यांनी बाहेर जायला नकार देऊन आपल्या कप्तानाला मारलं. संध्याकाळपर्यंत बहुतेक पलटणी फिरल्या. गोळी झाडणारे आणि फिरणारे तेच होते; ९ जानेवारीला गोळी झाडणारे फिरले नव्हते.

झारची गाडी मालाया विशेराहून वळून प्स्कोव्हला आली. २ मार्चला मोगिलेव्हच्या मुख्यालयातून जनरल अलेक्सेयेव्हने आघाड्यांच्या प्रमुखांना तारेने विचारलं. ब्रुसिलोव्ह, एव्हर्ट, राजघराण्यातलाच ग्रँड ड्यूक निकोलाय, सगळ्यांचं उत्तर राजत्यागाच्या बाजूने. युद्ध चालू ठेवायचं तर झारने जायला हवं, हा त्यांचा हिशेब. सहावा रकाना एका दुपारीत रिकामा झाला.

राजत्यागाच्या कागदावर वेळ दुपारी ३ वाजून ५ मिनिटांची आहे, पण सही रात्री बारा वाजायच्या थोडी आधी झाली. दुमाचे प्रतिनिधी गुचकोव्ह आणि शुल्गिन यांच्या दबावाखाली निर्णय झाला असं दिसू नये म्हणून दुपारची वेळ घातली. तुमच्या तक्त्यात दोन्ही वेळा द्या.

शेवटची तपासणी तारखेचीच. निकोलसने स्वतःसोबत आजारी मुलाचाही हक्क सोडून गादी भाऊ मिखाइलला दिली होती. त्यामुळे २ मार्चला झार गेला, राजेशाही गेली नव्हती. ३ मार्चला मिल्लिओन्नाया रस्त्यावरच्या एका घरात मिखाइलने दुमाच्या नेत्यांना विचारलं की तुम्ही माझ्या जिवाची हमी देता का. दुमाचा अध्यक्ष रोद्झियान्कोला ती देता आली नाही. संविधानसभेने गादी देऊ केली तरच घेईन, असं लिहून मिखाइलने नकार दिला. तक्त्यातली शेवटची ओळ ही.